नाताळची भेट आणि साथीचे दिवस

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या आबिड्सचे रूप पालटू लागते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आबिड नावाच्या गृहस्थाने येथे दुकान थाटले, आणि त्या दुकानाचे नाव पुढे साऱ्या वस्तीला चिकटले. त्यामुळे देणेघेणे हा या भागाचा जन्मसिद्ध धर्मच म्हणावयास हरकत नाही. दुकानांवर कागदी तारे लटकू लागतात, गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये गव्हाणीची तयारी चालते, आणि शाळाशाळांतून, मंडळामंडळांतून गरीब मुलांना भेटी वाटण्याच्या याद्या तयार होऊ लागतात. हा वाटपाचा समारंभ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एक सभागृह, समोर मेज, मेजावर पुड्यांची रास, बाकांवर दाटीवाटीने बसलेली मुले आणि त्यांच्या आया, प्रथम नाताळगीते, मग दोन-तीन भाषणे, आणि शेवटी कापसाची दाढी लावलेले नाताळबाबा. एकेका मुलाचे नाव पुकारले जाते, मूल पुढे येते, पुडा घेते, छायाचित्र निघते.

श्रोतेहो, या समारंभातील एकही गोष्ट वाईट नाही. परंतु श्वासावाटे पसरणारी साथ चालू असेल, तर तिच्या प्रसाराला याहून सोयीची रचना शोधूनही सापडावयाची नाही. २०२० सालच्या नाताळात हा पेच जगातील प्रत्येक लहानमोठ्या धर्मादाय मंडळापुढे उभा राहिला. भारतात लस टोचण्यास आरंभ झाला तो १६ जानेवारी २०२१ रोजी. म्हणजे तो नाताळ लसीवाचूनच गेला. शाळा बंद होत्या, कित्येकांचे रोजगार गेले होते, आणि भेटींची गरज तर कधी नव्हे इतकी वाढली होती. वाटप बंद ठेवावे तर गरजवंत उपाशी, आणि नेहमीप्रमाणे करावे तर त्यांच्याच घरात आजार पोहोचविण्याची भीती. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तेव्हा आता हे उकरून कशाला काढावयाचे, असे कोणी म्हणेल. पण साथी पुन्हा येतात, आणि साथ दाराशी आल्यावर विचार करण्यास कोणालाही सवड नसते. तो विचार स्वस्थ दिवसांत करून ठेवावा, म्हणून आजचा हा विषय.

प्रथम एक दुःखद हकीकत सांगतो. बेल्जियम देशात मोल नावाचे गाव आहे. त्या प्रदेशात ६ डिसेंबर हा संत निकोलसचा दिवस, आणि त्या सुमारास बिशपचा पोषाख चढवून संत निकोलसने मुलांना व वृद्धांना भेटावयास जावे, अशी तिकडची जुनी रीत. २०२० च्या डिसेंबरच्या आरंभी तेथील एका वृद्धाश्रमात असा एक सोंग घेतलेला गृहस्थ, सोबत्यांसह, वृद्धांचे मन रमविण्यासाठी गेला. त्यांना बंदिवासासारखे दिवस कंठावे लागत होते. थोडा आनंद द्यावा, एवढाच हेतू. पुढे त्या गृहस्थालाच कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. आश्रमातील शंभराहून अधिक रहिवासी व सेवक आजारी पडले आणि वीसहून अधिक वृद्ध त्या महिन्यात दगावले. रोग त्याच्याकडूनच शिरला असे खात्रीने सांगता आले नाही. तज्ज्ञांनी इमारतीत खेळती हवा नव्हती याकडेही बोट दाखविले. परंतु देणारा स्वतःच आजार वाहून नेत असू शकतो, आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसते, हे या घटनेने ठसठशीतपणे दिसून आले. कोरोनाची लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. ‘मला तर काहीच होत नाही’ हे वाक्य, म्हणून, साथीच्या दिवसांत कोणतीही हमी देत नाही. आणि हेही जाता जाता सांगतो की नाताळबाबाची कापसाची दाढी म्हणजे मुखपट्टी नव्हे. ती तोंड झाकते, श्वास अडवीत नाही.

येथे मुळाशी जाणे अवश्य आहे. कोणतीही साथ आली की पहिला प्रश्न विचारावा तो असा : ही कोणत्या वाटेने प्रवास करते? कॉलऱ्याची वाट पाण्याची. प्लेगची वाट उंदराची आणि त्याच्या अंगावरील पिसवांची. इंग्लंडात डर्बीशर परगण्यात ईम नावाचे खेडे आहे. १६६५ साली लंडनहून तेथील एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यात पिसवा होत्या, आणि त्यांच्याबरोबर प्लेग आला, असे तेथे परंपरेने सांगतात. त्या वेळी वस्तूच घातक होती. पुढे त्या गावाने आपला धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन याच्या सांगण्यावरून स्वतःलाच कोंडून घेतले. शेजारच्या गावांनी शिवेवरच्या दगडापाशी धान्य ठेवून जावे, आणि ईमच्या लोकांनी दगडातील खळग्यात व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवावी, असा व्यवहार चालला. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ पडत नव्हती, पण देणे थांबले नव्हते.

कोरोनाची वाट मात्र श्वासाची होती, आणि हे आपल्या नीट ध्यानात यावयास बराच काळ गेला. २०२० च्या मार्चमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात हा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत जिवंत आढळला होता. झाले! आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडविली, वर्तमानपत्र उन्हात टाकले. हे माझ्या वाचक-श्रोत्यांपैकी कित्येकांनी केले असेल. वाटप करणाऱ्या मंडळांनीही पुडे तीन तीन दिवस कोंडून ठेवले. प्रयोग खोटा नव्हता. परंतु प्रयोगशाळेत विषाणू सापडणे वेगळे आणि त्या वस्तूपासून माणूस आजारी पडणे वेगळे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये जो निष्कर्ष दिला तो असा की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने रोग होण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी. हात धुण्याची सवय चांगली, ती सोडू नये. पण पुडा पुसण्यात सारी शक्ती खर्च करून मग तो पुडा बंद खोलीत शंभर माणसांच्या गर्दीत वाटणे, म्हणजे खिडकीला कडी लावून दरवाजा सताड उघडा ठेवण्यासारखे होते.

याच्या उलट गाण्याचे उदाहरण पाहा. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट येथे एका गायनवृंदाची तालीम झाली. ६१ माणसे अडीच तास एकत्र होती. त्यांतील एकाला सर्दीसारखे वाटत होते. पुढे त्या वृंदातील एकूण ५३ जण आजारी ठरले आणि दोघे मरण पावले. गाताना आपण छातीतून हवा जोराने सोडतो आणि तेवढीच खोल आत ओढतो. बंद जागेत ती हवा सर्वांची सामाईक होते. आम्हां ख्रिस्ती माणसांना नाताळगीतांवाचून नाताळ सुना वाटतो हे खरे, आणि मला तर तो फारच सुना वाटतो. तरीही साथीच्या दिवसांत वाटपाच्या पुड्यापेक्षा वाटपापूर्वीचे गाणे अधिक धोक्याचे, हे मान्य केलेच पाहिजे. गाणे आवारात, उघड्यावर, थोड्या कंठांचे असावे. जपानने २०२० मध्ये आपल्या नागरिकांना तीन गोष्टी टाळावयास सांगितल्या होत्या : कोंदट जागा, गर्दी, आणि जवळून बोलणे. आपल्या नेहमीच्या समारंभात या तिन्ही एकत्र नांदतात.

आता रांगेविषयी. ‘आमच्या लोकांना शिस्तच नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. हैदराबादचेच उदाहरण घ्या. १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी या शहरावर प्रचंड पाऊस कोसळला, वस्त्यांच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. सरकारने पीडित कुटुंबांना दहा दहा हजार रुपये देण्याचे ठरविले. नोव्हेंबरात अर्ज घेण्याचे काम मी-सेवा केंद्रांकडे आले, आणि पाहता पाहता त्या केंद्रांपुढे हजारो स्त्रीपुरुष खांद्याला खांदा लावून उभे राहिले. साथ तर चालूच होती. १८ नोव्हेंबरला, महापालिकेच्या निवडणुकीमुळे, निवडणूक आयोगाने ते वाटप थांबविले. निवडणूक १ डिसेंबरला झाली. त्यानंतर महापालिकेने सांगितले की केंद्रावर येण्याचे कारण नाही. पथके वस्त्यांतून फिरून पडताळणी करतील आणि रक्कम बँकेच्या खात्यात जमा होईल.

या दोन पद्धतींतील फरक ध्यानात घ्या. माणसे तीच, गरज तीच, रक्कमही तीच. पहिल्या पद्धतीत जागा थोड्या होत्या आणि ‘आज गेलो नाही तर मिळेल की नाही’ ही शंका प्रत्येकाच्या मनात होती. गर्दी त्या शंकेतून जन्मते. ज्याला आपला वाटा राखून ठेवलेला आहे अशी खात्री असते तो पहाटे चारला येऊन उभा राहत नाही. तेव्हा वाटपाच्या आठ-दहा दिवस आधी प्रत्येक घराला दूरध्वनीने कळवावे की तुमचे नाव यादीत आहे, तुमचा पुडा बांधून ठेवला आहे, अमुक दिवशी अमुक वेळी या. आणि त्या दिवशी जमले नाही तरी तो दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही. हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. अर्ध्या तासाला आठ-दहा कुटुंबे, याहून अधिक नकोत. ते देणेही सभागृहात न करता फाटकाशी, व्हरांड्यात, झाडाखाली करावे. आपल्या देशाला डिसेंबरात उघड्यावर उभे राहता येते, ही देवाची कृपा. युरोपातील मंडळांना ही सोय नव्हती.

याच शहरात त्या वर्षी एल. बी. नगर भागात एका गृहस्थांनी चालविलेले ‘राईस ए. टी. एम.’ बरेच गाजले. नावात यंत्र असले तरी तेथे यंत्र नव्हते. ज्याच्या घरात दाणा नाही त्याने केव्हाही यावे आणि तांदूळ व किराणा घेऊन जावा, एवढीच योजना. एक दिवस, एक वेळ, एक व्यासपीठ असे काही नसल्याने दान दिवसभर विखुरले गेले.

पण सर्वांत चांगले ते हे की, घेणाऱ्याने येऊच नये, देणाऱ्याने जावे. ही कल्पना नवी नाही. १८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हाहाकार केला. त्यानंतरच्याच वर्षी फ्रेडरिक ओझानम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या काही सोबत्यांसह एक मंडळ स्थापन केले. सिस्टर रोझाली रॉंद्यू ही तेथील गरिबांच्या वस्तीत राबणारी संन्यासिनी. तिने या तरुणांना गरिबांच्या घरी कसे जावे हे शिकविले. तीच पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था झाली, आणि आज तिच्या शाखा भारतातही ठिकठिकाणच्या चर्चमध्ये आहेत. त्यांचा मूळ नेम असा की, गरिबाला आपल्या दारी बोलावू नये, आपण त्याच्या दारी जावे. त्यांच्या दृष्टीने हा आदराचा प्रश्न होता. साथीच्या दिवसांत तोच नेम आरोग्याचाही ठरतो.

मात्र घरी जाणे म्हणजे घरात जाणे नव्हे. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला आत बोलावतात, बसवितात, चहा करतात; एका खोलीच्या घरात, सहा माणसांच्या मध्ये, हा चहा महागात पडू शकतो. नको म्हटले तर त्या माउलीला वाईट वाटते. म्हणून आधीच दूरध्वनीवर सांगावे, की आम्ही उंबऱ्याशीच थांबू, चहा साथ सरल्यावर घेऊ. दोघांनी जावे, मुखपट्टी लावून जावे, पुडा ओट्यावर ठेवून चार पावले मागे उभे राहावे, आणि मग दोन शब्द अवश्य बोलावे. ते दोन शब्द गाळू नयेत. टाळेबंदीत एकाकी पडलेल्या कित्येक म्हाताऱ्यांना पुड्याइतकीच त्या दोन शब्दांची भूक होती. संत निकोलसविषयी आख्यायिका आहे, की तीन मुलींच्या लग्नाची विवंचना असलेल्या एका बापाच्या घरात त्याने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली टाकली आणि तो निघून गेला. चौथ्या शतकातल्या मायराच्या त्या बिशपाला साथीचे नियम पाळावयाचे नव्हते, बापाची लाज राखावयाची होती; पण अंतर राखून दिलेली भेट उणी असते असे मानणाऱ्यांनी ती गोष्ट आठवावी.

आता, जावे कोणी? आपल्याकडील धर्मादाय मंडळे बहुधा निवृत्त गृहस्थ आणि वडीलधाऱ्या भगिनी यांच्या बळावर चालतात. नेमका त्याच वयाला कोरोनाचा धोका अधिक होता. ‘तुम्ही घरी बसा’ एवढेच त्यांना सांगणे हा त्यांचा उपमर्द होय. यादी करणे, दूरध्वनी करणे, हिशेब ठेवणे, कोणत्या घरी दोन मुले आणि कोणत्या घरी आजारी सासू हे लक्षात ठेवणे, हे खरे डोक्याचे काम. ते त्यांनी घरबसल्या करावे. पुडे बांधण्याचे काम चार-पाच जणांच्या एकाच तुकडीकडे, खिडक्या उघड्या असलेल्या जागी, असावे. दारोदार तरुणांनी जावे, आणि प्रत्येक जोडीकडे ठरावीक गल्ल्या द्याव्यात, म्हणजे एक जोडी आजारी पडली तरी सारे काम ठप्प होत नाही. ज्याला सकाळी घशात खवखव वाटते त्याने त्या दिवशी जाऊ नये, आणि त्याला कोणी कामचुकार म्हणू नये.

यादीविषयी मला थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे. साथीत गरिबीचा नकाशा बदलतो. जुनी यादी काढून तिच्यावरून पुडे वाटणारे मंडळ निम्म्या गरजवंतांना चुकविते. तेलंगणात खाजगी शाळांतील हजारो शिक्षकांचे वेतन २०२० मध्ये थांबले किंवा तुटपुंजे झाले. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने अशा शिक्षकांना व शाळेतील इतर सेवकांना दरमहा दोन हजार रुपये आणि पंचवीस किलो तांदूळ देण्याचे जाहीर केले, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. आदल्या वर्षीपर्यंत ज्यांनी नाताळनिधीला आपल्या पगारातून हातभार लावला होता, त्यांच्यातलेच काही आता घेणारे झाले होते. पांढरपेशा माणूस रांगेत उभा राहत नाही. तो उपाशी राहतो. अशांसाठी पुडा हा मार्गच नव्हे. त्यांच्या खात्यात गुपचूप रक्कम भरावी, किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराशी बोलून त्यांच्या नावे ठरावीक रकमेचे खाते उघडावे. दुकानात जाणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही, सामान आपल्या गरजेचे घेता येते, गर्दीही विखुरते, आणि साथीत मंदावलेल्या त्या दुकानदाराचाही गल्ला थोडा हलतो. या पद्धतीत छायाचित्र निघत नाही, एवढीच काय ती उणीव. आणि देणगीदारांना दुकानदाराची पावती दाखविली तर ती उणीव सहज भरून निघते.

मुलांची गोष्ट वेगळी. मुलाला रक्कम देऊन चालत नाही. त्याच्या हातात काही तरी पडले पाहिजे. तेलंगणात १ सप्टेंबर २०२० पासून दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून आणि टी-सॅटवरून धडे सुरू झाले, पण घरात एकच दूरध्वनी-संच आणि भावंडे तीन, अशी घरे आमच्या शाळाशाळांत होती. अशा वेळी वह्या, रंगपेट्या, गोष्टीची पुस्तके यांचे मोल नेहमीहून अधिक. कपडे द्यावयाचे तर वय, उंची आणि पायाचे माप दूरध्वनीवर विचारून घ्यावे. गर्दीत कपडे अंगाला लावून पाहण्याचा प्रकार टळतो. करंज्या, केक जरूर द्यावेत, पण बांधीव आणि त्यावर तारीख घालून. दोन दिवसांचा केक आठवडाभर पडून राहिला तर कोरोनावाचूनही मूल आजारी पडेल.

अनाथाश्रम आणि वृद्धाश्रम यांच्या बाबतीत मात्र माझे मत कडक आहे. साथीत आत जाऊच नये. मोलची हकीकत मी आरंभी सांगितली ती याचसाठी. भेटी फाटकाशी चौकीदाराच्या हवाली कराव्यात, आणि भेटावयाचेच असेल तर अंगणात, अंतरावर उभे राहून किंवा दूरध्वनीच्या पडद्यावरून भेटावे. ‘साथ ओसरली आहे’ या समजुतीवर विसंबू नये. २०२० च्या नाताळात ती ओसरल्यासारखीच वाटत होती, आणि चार महिन्यांनी दुसरी लाट आली. २०२१ च्या नाताळात लोक पुन्हा निर्धास्त झाले होते, तोच ओमिक्रॉन आला आणि तेलंगणात नववर्षापर्यंत सभा-मिरवणुकांवर बंदी घालावी लागली.

वाटप संपले तरी एक काम उरते. कोणती जोडी कोणत्या दिवशी कोणत्या घरी गेली याची नोंद दोन आठवडे जपून ठेवावी. मधल्या काळात स्वयंसेवकांपैकी कोणी आजारी पडला तर त्या त्या घरांना तत्काळ कळवावे. मंडळाचे नाव जाईल म्हणून हे झाकू नये. वेळीच कळले तर त्या घरातली म्हातारी निदान वेगळ्या खोलीत, नाही तर वेगळ्या कोपऱ्यात तरी झोपेल. दोन आठवड्यांनंतर ती नोंद फाडून टाकावी, कारण तिच्यात कोण कोणाच्या दारी मदत घेऊन गेले हे लिहिलेले असते.

आणि सारे पुडे २५ डिसेंबरच्या आत पोहोचलेच पाहिजेत, ही घाई कशासाठी? नाताळचा सण एका दिवसाचा नाही. ६ जानेवारीला तीन राजांचा सण येतो. ते राजेही आपल्या भेटी घेऊन उशिराच पोहोचले होते. मुलांचे पुडे नाताळपूर्वी, धान्य नंतरच्या आठवड्यात आणि राहिलेली घरे राजांच्या सणापर्यंत, असे काम बारा दिवसांवर पसरले, तर थोड्या माणसांनाही ते झेपते आणि कोणत्याही एका दिवशी कोणत्याही एका दारी गर्दी होत नाही.